आईला ठाण्याला आणू, की गावीच राहू देऊ?

ठाण्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४९, सहकारी बँकेत नोकरी. आई ७४ वर्षांची, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. भातशेती वाट्यानं दिलेली, थोडे काजू-आंबे आहेत. यंदा श्रावणाच्या सुरुवातीला आई पहाटे चारला मागीलदारच्या न्हाणीकडे जाताना पडली आणि उजवं मनगट मोडलं. शेजारच्या काकूंनी आवाज ऐकला, त्यांच्या मुलानं दवाखान्यात नेलं. लेक जाऊन तिला प्लास्टरसकट ठाण्याला घेऊन आली. नवव्या मजल्यावर आई तीनेक आठवडे कशीबशी राहिली, गणपतीला म्हणून गावी गेली ती परत यायला तयार नाही. ‘काय व्हायचं ते इथेच होऊ दे’ म्हणते. इकडे नवरा नोकरीत, मुलगा बारावीला. पुण्याचे मोठे भाऊ म्हणतात, ‘एक काय ते ठरव. कायमची घेऊन ये, नाहीतर राजीनामा देऊन तिच्यापाशी जाऊन राहा.’ भगिनी लिहितात: ‘आणली तर ती झुरेल, ठेवली तर एक दिवस नको तो फोन येईल. रात्र-रात्र झोप नाही. एकदाच काय ते सांगा.’

ताई,

एकदाच काय ते सांगा, हे तेवढं मी करणार नाही. आई ७४ वर्षांची आहे. तिची पुढची दहा-पंधरा वर्षं आज एका बैठकीत कशाला ठरवायची? तुमच्या मुलाची बारावी मार्चपर्यंत आटपेल. आईचा हात तोवर कसा चालतो ते कळेल. तुमच्या घरातलं सगळं गणित जूनपर्यंत बदललेलं असणार आहे. आत्ता ठरवायचं आहे ते येत्या पावसाळ्यापर्यंतचं. तेवढ्याचंच बोलू.

तुमच्या पत्रात आईनं कुठे राहावं यावर पानंच्या पानं आहेत, आणि ती पडली का यावर एक ओळ. ‘पहाटे न्हाणीकडे जाताना पाय घसरला.’ मी त्या ओळीपाशी अडले. श्रावणात मागीलदारच्या चिऱ्यांवर शेवाळ असतं. पहाटे चारला काळोख, आणि त्यात लाइट गेलेले असले तर विचारायलाच नको. पायात काय घातलं होतं? चष्मा लावला होता का? मोतीबिंदू आहे का? बीपीची गोळी सुरू आहे का, अलीकडे बदलली का? बीपीच्या काही गोळ्यांनी अंथरुणातून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपेची गोळी घेतली असेल तर तोल जातो. यातलं कुठलंही कारण ठाण्याला आल्यानं आपोआप नाहीसं होत नाही. चारला उठायची सवय आई सोबत घेऊनच येणार, आणि बाथरूमच्या ओल्या टाइल्सवरही माणसं पडतातच.

आता दुसरी बाजू बघा. गावी ती पडली तेव्हा काकूंना आवाज गेला. तुमच्या घरी सकाळी साडेआठपासून संध्याकाळी साडेसातपर्यंत कुणी नसतं, हे तुम्हीच लिहिलंय. मुलगा क्लासहून येतो तो आठला. समजा, आई दुपारी बाराला पडली. दार आतून बंद, समोरच्या फ्लॅटला कुलूप, फोन बेडरूममध्ये. कोण ऐकणार? गावी ती एकटी आणि ठाण्याला सोबतीत, असं तुम्ही आणि तुमचे दादा दोघंही धरून चालला आहात. दिवसाचे अकरा तास ते बरोबर उलटं आहे. ठाण्याला आणू नका असं मी म्हणत नाही. पण आणायचं असेल तर ‘आणलं म्हणजे निर्धास्त झालो’ या समजुतीवर आणू नका. ठाण्याच्या दिवसाची सोय लावावी लागेल, तशीच गावच्या रात्रीची लावता येईल. दोन्हीकडे खटपट आहेच.

म्हणून पहिलं काम डॉक्टरांकडे. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं की या वयाच्या बाईच्या बाबतीत ती हाडं ठिसूळ झाल्याची खूण असू शकते. प्लास्टर निघालं की सगळे विसरतात, आणि पुढच्या खेपेला खुबा मोडतो. हाडांची घनता तपासायला सांगा, डी जीवनसत्त्वाचं विचारा, आणि बीपी झोपून व उभं राहून असं दोन्ही वेळा मोजायला लावा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या; नावं तोंडपाठ सांगण्याच्या भानगडीत पडू नका. डोळे तपासून घ्या. ती गावी राहो वा ठाण्याला, हे करायचंच आहे.

तुम्ही ज्याला एक प्रश्न म्हणताय त्यात रात्र, जेवणखाण, औषधपाणी आणि घर, असं सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय. ते गाठोडं सोडा आणि एकेक बाहेर काढा. जेवणाचा प्रश्न सध्या दिसत नाही. डाव्या हातानंही तिनं गणपतीत मोदक केले म्हणताय. औषधं महिन्याची भरून ठेवता येतात. पैशाचं थोडक्यात सांगते. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आणि दाखल व्हावं लागलं तर. आईचं कार्ड काढून ठेवा आणि तुमच्या नि तिच्या जवळची यादीतली रुग्णालयं कोणती, ते आधीच बघून ठेवा. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतो. त्याच्यासाठी तिला अमुकच गावात असायला हवं असं उरलेलं नाही.

राहता राहिली रात्र आणि घर. खरी गाठ इथे आहे.

रात्रीचं आधी. मागीलदार ते न्हाणी ही दहा-बारा पावलं सुधारायला फार खर्च येत नाही. पावसाळ्याआधी आणि मध्ये एकदा चिरे तारेच्या ब्रशनं घासून ब्लीचिंग पावडर टाकायची, वाटेला पत्रा घालायचा, भिंतीला धरायला दांडी बसवायची. लाइट गेल्यावरही पेटतो तो रिचार्जेबल बल्ब पडवीत आणि न्हाणीत लावायचा. शक्य असेल तर घरातच, आईच्या खोलीला लागून, कमोडचा संडास बांधून घ्या. गावाकडच्या कित्येक म्हाताऱ्या रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, हे बाहेर कुणाला सांगतही नाहीत. आईला विचारून बघा.

सोबतीला झोपायला वाडीतली कुणी येईल का, हेही बघा. काकूंच्या उपकारावर सगळं टाकू नका. त्यांना पैसे देऊ केलेत तर त्या दुखावतील, ते वेगळं. पण रात्रीच्या सोबतीचं काम म्हणून कुणाला ठरवून पगार द्यायला काहीच हरकत नाही. उलट ठरलेलं काम असलं की आईलाही ओशाळं वाटत नाही. फोन गळ्यात अडकवता येईल असा, बटणांचा, एका बटणावर तुमचा नंबर आणि एकावर काकूंच्या मुलाचा. १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि एक गोष्ट गणपतीत गेलेल्या कुणाच्याच डोक्यात येत नाही: अँब्युलन्स कुठपर्यंत येते? तुमच्या घरापर्यंत पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे, रस्ता नाही. तिथून खाली तिला कोण उतरवणार, कशावरून? वाडीतल्या दोन-तीन मुलांशी हे आधी बोलून ठेवा. रात्री दोन वाजता सुचत नाही.

घराचं जरा नाजूक आहे. ‘आई हट्ट करते’ असं तुम्ही लिहिलंय. मला तो हट्ट वाटत नाही. तुम्ही तिला काय विचारलंत? ‘ठाण्याला कायमची येतेस का?’ याला दुसरं उत्तर तिच्याकडे असणार कुठून? कायमची म्हणजे कौलं फिरायची राहणार, पावसात बंद घराला वाळवी लागणार, देवाला दिवा नाही, काजू कोण गोळा करणार, आणि पुढच्या शिमग्याला पालखी दारात आली तर घराला कुलूप. तिनं ‘नाही’ म्हटलं ते या सगळ्याला. तुम्ही ऐकलंत ते ‘तुझ्याकडे येणार नाही’ असं. तेव्हा प्रश्न बदलून विचारा. रात्री भीती वाटते का? पावसात कुठलं काम झेपत नाही? घर दोन-अडीच महिने बंद ठेवायचं झालं तर काय काय व्हायला हवं? आणि विचारून झाल्यावर गप्प बसा. तिच्या पिढीच्या बायकांना ‘तुला काय हवं’ हे फारसं कुणी विचारलेलं नसतं. पहिलं उत्तर ‘मला काय, तुम्ही म्हणाल तसं’ असंच येतं. दुसरं यायला वेळ लागतो.

देवाचं तिला विचारूनच ठरवा. देव सोबत शहरात नेणारी माणसं आहेत, शेजारी दिवा लावायला सांगणारीही आहेत. आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून झाडून काढायला कुणी मिळालं तर घरही टिकतं.

‘एकदा आणून बघितलं, ती राहिली नाही’ हेही मला पटलेलं नाही. तो काही अंदाज घ्यायचा काळ नव्हता. उजवा हात प्लास्टरमध्ये, वेणी दुसऱ्यानं घालायची, भात चमच्यानं खायचा, त्यात लिफ्टची भीती. अशा अवस्थेत कोण रमेल? पण त्या दिवसांतली एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात ती मला महत्त्वाची वाटली. सोसायटीतल्या माडाचे नारळ कोण उतरवतं, पैसे कुणाला जातात, याची चौकशी तिनं वॉचमनकडे केली आणि तुम्ही घरी सगळे हसलात. तिला हाताला काम हवं होतं, ताई. टीव्हीसमोर बसवून तिची बडदास्त ठेवली तर ती याच्या दुप्पट झुरेल. पुढच्या खेपेला स्वयंपाकघरातलं काहीतरी तिच्या ताब्यात द्या, तुमच्या पद्धतीनं होणार नाही हे गृहीत धरून. खाली बाकावर बसणाऱ्या तिच्या वयाच्या बायकांशी पहिले काही दिवस स्वतः सोबत जाऊन ओळख करून द्या. आणि दिवसा चार-पाच तास घरात बाई ठेवा, आईला ‘तुझ्यावर लक्ष ठेवायला’ असं न सांगता.

कोकणातली कितीतरी म्हातारी माणसं आज वर्षाची वाटणी करून राहतात. तुमच्या वाडीतही असतील. मृगाच्या आसपास मुंबई-ठाण्याला यायचं आणि गणपतीला चाकरमान्यांबरोबर घरी जायचं. पुढे भात कापणी, शिमगा, काजू-आंबे होईपर्यंत गावी. तुमच्या आईला हे चांगलं जमण्यासारखं आहे, कारण शेती वाट्यानं दिलेली आहे आणि ती पडली तीही पावसातच. पण हे ‘दर वर्षी असंच’ म्हणून जाहीर करू नका. ‘या पावसाळ्यापुरती ये, गणपतीला मी स्वतः सोडायला येते’ एवढंच म्हणा आणि परतीचं तिकीट तिच्या हातात द्या. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं आणि गणपतीच्या गाड्या बघता-बघता भरतात, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत आज तिला निम्मं तिकीट, ७५ पूर्ण झाली की राज्यात मोफत. तरी तिला रेल्वेनंच न्या. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल न बोललेलं बरं.

आता दादांबद्दल. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात ते एकदाच येतात, आणि तेही निकाल द्यायला. आणायचं तर तुम्ही, जायचं तर तुम्ही, राजीनामा द्यायचा तर तुम्ही. पुणं नकाशावरून पुसलं गेलंय का? हे दोन पर्याय कुणी आखून दिले आणि त्यात आखणाऱ्याचं नाव कुठेच कसं नाही, हे बघायचं तुमच्याकडून राहून गेलं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदासुद्धा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, दोघांवर सारखीच जबाबदारी टाकतो. कायदा दाखवून भांडा असं मी सुचवत नाही. भावाशी वैर घेऊन आईला सुख लागणार नाही. पण ‘दादा, तुला काय वाटतं?’ असं विचारणंही पुरे झालं. त्याऐवजी कामं सांगा. ‘न्हाणी आणि संडासाचं काम दिवाळीनंतर तू उभं राहून करून घे. रात्रीच्या सोबतीच्या पगारातला निम्मा वाटा दर महिन्याला तू पाठव. जानेवारीत आठ दिवस तू जाऊन राहा.’ मत द्यायला कुणालाच काही खर्च येत नाही. कामाची तारीख मागितली की पर्यायांची भाषाही बदलते, असा माझा अनुभव आहे. दादांनी यातलं काहीच नाही केलं तर निदान तुम्हाला त्यांच्या मताचं किती वजन धरायचं ते कळेल.

राजीनाम्याचं मी शेवटाला ठेवलंय, कारण तो शेवटालाच यायला हवा. तुमची निवृत्तीला नऊ वर्षं आहेत. एकदा मंजूर झालेला राजीनामा परत घेता येत नाही. तसंच विकलेलं घर आणि आईनं एकदा मोडलेला संसार. ज्या गोष्टी मागे फिरवता येत नाहीत त्या घाबरलेल्या मनानं करायच्या नसतात. त्याआधी बरंच काही आहे: साठलेली रजा, बिनपगारी रजा, दोन-तीन महिन्यांपुरती जवळच्या शाखेत बदली मिळते का याची चौकशी. आणि समजा तुम्ही राजीनामा देऊन गेलातच, तर आईला ते आवडेल का? ‘माझ्यामुळे पोरीची नोकरी गेली’ हे ओझं ती रोज उचलेल. तिला याबद्दल कुणी विचारलंय असं पत्रात कुठे दिसत नाही.

या सदरात या साच्याची पत्रं फार येतात. मुलाला मराठी शाळेत घालू की इंग्रजी, घर घेऊ की भाड्यानं राहू, नोकरी टिकवू की मूल सांभाळू. पत्र लिहिणाऱ्यानं दोन दारं रंगवलेली असतात आणि दोन्ही बंद. शाळेच्या पत्रात गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी मराठी शाळेचा उल्लेखही नसतो, कारण ‘लोक काय म्हणतात’ या यादीत ती बसत नाही. अशा वेळी मी आधी बघते की ही दोन नावं कुणी ठेवली. मग ‘कायमचं’, ‘आत्ताच’ आणि ‘सगळं’ असं जे जे त्यात शिरलंय ते काढून टाकून प्रश्न पुन्हा लिहून बघते. बहुतेकदा तेवढ्यानंच काही जागा मोकळी होते.

बहुतेकदा म्हणतेय, नेहमी नाही. मधला मार्ग हा नेहमीच शहाणपणाचा असतो असंही नाही. कधी कधी तो नुसता निर्णय लांबवायचा बहाणा असतो. घर विकायचं की नाही याला मधलं काही नसतं. आईच्या बाबतीतही एक वेळ अशी येऊ शकते की ये-जा चालणारच नाही. गॅस चालू ठेवून विसरायला लागली, गोळी घेतली की नाही ते आठवेनासं झालं, ओळखीच्या पाखाडीवर वाट चुकली, तर वर्षातून दोनदा घर बदलणं तिच्यासाठी जाचाचं होईल. तेव्हा एकाच जागी, माणसांत राहणंच बरं. खुबा मोडला, तोल सारखा जायला लागला, तरी तेच. या खुणा आजच कागदावर लिहा, आई, तुम्ही आणि दादा मिळून, ती धडधाकट आहे तोवर. आणि तसं झालंच तर तिला कुणाकडे राहायला आवडेल, हेही तिच्याच तोंडून ऐकून ठेवा. पुढे तिच्या वतीनं ठरवायची पाळी आली तर तिनं काय सांगितलं होतं ते तुमच्याकडे असेल.

नको तो फोन येईल ही भीती या सगळ्यानंतरही पूर्ण जाणार नाही. तो ठाण्यातूनही, तुमच्या बँकेत, भर दुपारी येऊ शकतो. पण चिरे घासलेले आहेत, बल्ब लागलाय, रात्री सोबत आहे आणि डॉक्टरांनी तपासलंय हे माहीत असलं, की झोप थोडी तरी लागते.

दिवाळीला चार दिवस गावी जाणार आहात असं लिहिलंय. मग एका रात्री पहाटे चारला आईबरोबर तुम्हीही उठा आणि तिच्या मागोमाग न्हाणीपर्यंत चालत जा, बॅटरी न लावता. कुठे पाय अडखळतो, कुठे धरायला काही नाही, ते तुम्हाला तिथेच दिसेल. सकाळी गवंड्याला बोलवा, आणि दादांना फोन लावून खर्चाचा आकडा सांगा.